मासिकांची नावे आणि अक्षरांचे वळण

यंदाच्या वार्षिकाची तयारी सुरू झाली तेव्हा लेख, कविता, छायाचित्रे यांविषयी कोणताच वाद झाला नाही. वाद झाला तो मुखपृष्ठावरील नावाच्या चार अक्षरांवरून. संपादक मंडळातील दोन मुलांनी संगणकावर नाव टंकून, त्याला सोनेरी छटा देऊन त्याची प्रत आणली. नववीतील एका विद्यार्थिनीने तेच नाव बांबूच्या कामटीची लेखणी करून काळ्या शाईने ड्रॉइंगच्या कागदावर लिहून आणले. मुले म्हणाली, संगणकाचे अक्षर चुकत नाही. मुलगी म्हणाली, ते चुकत नाही हे खरे, पण ते शेजारच्या गावच्या लग्नपत्रिकेवरही आहे आणि किराणा दुकानाच्या पाटीवरही आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले, आणि निकाल देण्यापूर्वी थोडा अभ्यास करावा असे ठरविले. त्या अभ्यासातून हा पाठ तयार झाला. आमच्या हातून पूर्वी घडलेली एक चूकही त्यात येणार आहे. ती योग्य ठिकाणी सांगू.

अभ्यासाचा आरंभ करण्यास मुंबई-पुण्यास जाण्याचे कारण नाही. वैशाखऱ्यातील मुलांनी नुसती मान वर केली तरी पुरे. आपल्या डोक्यावर जो नाणेघाट आहे, त्याच्या माथ्याजवळील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे हे तुम्हांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. पावसाळ्यात शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखविण्यास तुम्हीच जाता. परंतु त्या लेण्याच्या मागील भिंतीकडे किती जणांनी नीट पाहिले आहे? तेथे एका ओळीत सातवाहन राजकुळातील माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या, आणि प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर तिचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरले होते : सिमुक सातवाहन, राजा सातकर्णी, देवी नागनिका, कुमार आणि महारठी. आज मूर्ती नाहीशा झाल्या आहेत, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वरची काही नावे मात्र वाचता येतात. बाजूच्या भिंतींवर यज्ञांतील दानांचा मोठा लेख आहे. त्यात गाई, घोडे, कार्षापण यांच्या संख्या अंकांत दिल्या आहेत. १८२८ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेणे पाहिले, आणि १८७६ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील अंकांवर लेख प्रसिद्ध केला. चित्र आणि त्यास जोडलेले नाव ही जी सचित्र मासिकाची मूळ कल्पना, ती आपल्या डोंगरात अशी कोरून ठेवलेली आहे. छिन्नी चालविणाऱ्याला एक घाव चुकला तर खोडण्याची सोय नव्हती, हेही ध्यानात असू द्यावे.

आता दगडावरून कागदावर येऊ. गोव्यात छापण्याचे यंत्र १५५६ साली आले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, परंतु ते छापले रोमन लिपीत. मराठी भाषेचे इतके प्रेम असलेल्या माणसाने परक्या लिपीचा आश्रय का केला असावा? कारण मराठी अक्षरांचे खिळेच नव्हते. आपल्याकडील लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मिळावी म्हणून स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांस लिहिले होते. ती इच्छा सफळ झाली नाही. पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी, १८०५ साली, बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले, त्यात मराठी शब्द देवनागरीत, म्हणजे आपण ज्यास बाळबोध म्हणतो त्या लिपीत, आले. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ साली कलकत्त्याहून आणविलेल्या खिळ्यांनी मराठी छपाईस आरंभ केला.

खिळा म्हणजे काय, हे आजच्या मुलांस समजावून सांगावे लागते, कारण खिळ्यांचा छापखाना तुमच्या जन्मापूर्वीच बंद पडला आहे. प्रथम पोलादाच्या कांबीच्या टोकावर एक अक्षर उलटे आणि उठावाचे कोरावयाचे. हा झाला ठसा. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून अक्षराचा खळगा पाडावयाचा. ही मातृका. मातृका साच्यात बसवून तीत वितळलेले शिसे ओतले की निघतो तो खिळा. एका मातृकेतून हजारो खिळे निघत. जुळारी हे खिळे खणाखणांच्या पेटीतून उचलून एकेक शब्द जुळवी, मग फर्मा आवळून यंत्रावर चढे. शब्द उलटे वाचण्याची जुळाऱ्याची सवय इतकी पक्की असे की सुलटे वाचताना तो अडखळे, असे एका वृद्ध जुळाऱ्याने आम्हांस हसत हसत सांगितले होते.

इंग्रजीत हे काम सोपे होते. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अनुस्वार आणि वर जोडाक्षरे! इंग्रजी जुळाऱ्यास जेथे शंभर-सव्वाशे खण पुरत, तेथे मराठी जुळाऱ्यास शेकडो खण लागत. शिवाय आपले अक्षर तीन मजल्यांचे आहे : मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, माडीवर वेलांटी-मात्रा, तळघरात उकार. हे तीन मजले एकत्र कसे बांधावे, यावर त्या काळच्या कारागिरांची सारी बुद्धी खर्च झाली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम नावाचा एक कारागीर तयार झाला. त्याने मुंबईत बाळबोध अक्षरांचे सुबक ठसे पाडले. त्याच छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापाचे मराठी पंचांग काढले आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. त्याच छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लहानपणी लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ साली 'निर्णयसागर' छापखाना. राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांमुळे निर्णयसागरचे वळण हिंदुस्थानभर नावाजले गेले. संस्कृत ग्रंथ छापावे तर निर्णयसागरच्याच अक्षरांत, अशी पंडितांची समजूत झाली होती. ज्या मुलाच्या हाती प्रथम टाइप घासण्याचा दगड आला, त्याच्या नावाच्या अक्षरांत वेद-काव्ये छापली गेली.

मुंबईच्या या खिळ्यांनी एक गोष्ट कायमची केली. ती म्हणजे मराठी अक्षराची मराठी तोंडवळण. उत्तरेकडील जुन्या पुस्तकांत अ, झ, ण ही अक्षरे निराळ्या आकाराची दिसतात. आपण शाळेत जी गिरवितो ती मुंबईच्या ठशांनी रूढ केलेली. ल आणि श यांचेही तसेच. हिंदीत दंड असलेला ल चालतो, आपला ल दोन पाकळ्यांचा. संगणकांवर कित्येक वर्षे हिंदी वळणाचे ल आणि श आले आणि मराठी मुलांच्या हाती तेच बसू लागले, तेव्हा महाराष्ट्र शासनास २००९ साली वर्णमालेविषयी निर्णय काढून मराठी वळण सांगावे लागले. तुमच्या वहीतील ल तपासून पाहा. आम्ही गेल्या सहामाहीत आठवीच्या एका तुकडीचे तपासले. निम्म्याहून अधिक ल परप्रांतीय निघाले.

असो. आता मुख्य विषयाकडे वळू.

खिळ्यांनी मजकूर छापता येई. परंतु मासिकाचे नाव? ते तर मोठे, ठसठशीत, दुरून ओळखू येणारे हवे. एवढ्या मोठ्या आकाराचे शिशाचे खिळे जड आणि महाग पडत. मोठी अक्षरे लाकडातही कोरीत, परंतु ती जाहिरातींच्या आणि नाटकांच्या हस्तपत्रकांस शोभत. म्हणून मासिकाचे नाव चित्रकाराने हाताने लिहावयाचे आणि त्याचा ठोकळा करून घ्यावयाचा, अशी रीत पडली. आरंभी हा ठोकळा लाकडावर कोरीत. पुढे जस्ताचे ब्लॉक आले. चित्रकाराने काळ्या शाईने कागदावर लिहिलेले नाव छायाचित्राच्या रीतीने जस्ताच्या पत्र्यावर उतरवावयाचे, मग पत्रा तेजाबात घालावयाचा. शाईची जागा तेवढी तेजाब खात नाही, बाकीची जागा खाली जाते, आणि अक्षरे उठून राहतात. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की खिळ्यांच्या शेजारी फर्म्यात बसतो. यास लाइन ब्लॉक म्हणत. छायाचित्रांसाठी बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक असे. तेव्हा सचित्र मासिकाचे एक पान म्हणजे दोन निरनिराळ्या हातांचा संसार होता. मजकुरात ठसे पाडणाऱ्याचा हात, नावात चित्रकाराचा हात. पहिला हात हजारो पानांवर तोच. दुसरा त्या एका नावापुरता.

शिळाछापात मात्र असा भेद नव्हता. तेथे लेखकाने विशिष्ट शाईने लिहिलेले अक्षर दगडावर उतरे आणि जसेच्या तसे छापले जाई. नाव, मजकूर, वेलबुट्टी, सारे एकाच हातचे. जुन्या शिळाछाप पोथ्या पाहिल्या तर त्यांतील पान डोळ्यांना एकजीव वाटते, याचे कारण हे. पुण्याच्या चित्रशाळेचा छापखाना १८७८ साली निघाला तो याच दगडांच्या बळावर. देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे तेथून घरोघर गेली.

मराठी मासिकांचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांच्या १८४० सालच्या 'दिग्दर्शन' मासिकाने झाला. १८४२ साली अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघाले, १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार', मुलांसाठी १८७३ साली 'बालबोधमेवा', १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध'. १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन' सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकांची आपली परंपरा तेथून मोजतात. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद'. १९१० साली चित्रशाळेचे 'चित्रमयजगत्'. गुजरातीत १९१६ साली मुंबईस हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी 'वीसमी सदी' काढले. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांची चित्रे त्यात येत. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, आणि संपादकाला चित्र कळत असले म्हणजे मासिकाचे मुखपृष्ठ किती बदलते हे त्यांच्या अंकांवरून दिसते.

आम्ही ज्या मिशन बोर्डिंगात शिकलो तेथील वाचनालयात अशा जुन्या मासिकांचे काही बांधीव खंड होते. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की आम्ही तेथे जाऊन बसत असू. मजकूर कळत नसे, परंतु चित्रे आणि नावे पाहण्यात तास जाई. लहान मुलांच्या जुन्या मिशनरी पुस्तकांत परदेशातून आलेले ठोकळे वापरलेले असत. बर्फात घसरगाडी ओढणारा मुलगा, आणि त्याखाली मराठी अक्षरे! बर्फ म्हणजे काय हे गोळेवाल्याखेरीज आम्हांस कोठून ठाऊक असणार? चित्र एका देशाचे आणि अक्षर दुसऱ्या देशाचे अशा पानावर काहीतरी बिनसलेले आहे एवढे मात्र त्या वयातही जाणवे.

आता या नावांकडे डोळे उघडून पाहण्याचा सराव करू. वही पेन्सिल घ्या.

'मनोरंजन' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. म, नो, ज, न या सर्वांस उभा काना आहे. एकट्या र ला नाही. तो नेमका शब्दाच्या मध्यभागी येतो. त्याच्या आधी नो चा काना आणखी एक खांब उभा करतो. परिणामी शब्दाच्या पोटात एक भगदाड पडते, आणि त्या भगदाडाच्या डोक्यावर अनुस्वाराचा टिंब. खिळ्यांनी जुळविले तर हे भगदाड तसेच राहील, कारण खिळ्याची रुंदी ठरलेली. हाताने लिहिणारा मात्र र ची शेपटी थोडी लांबवील, ज चे पोट थोडे पुढे आणील, आणि पांढरी जागा सारखी वाटून देईल. सुलेखनाचा पहिला नियम येथेच सापडतो. अक्षरांमधले अंतर पट्टीने सारखे ठेवावयाचे नसते, अक्षरांमधला पांढरा भाग डोळ्यांना सारखा दिसावा लागतो. ट, ठ, ड, द, र ही बिनकान्याची अक्षरे पट्टीला हमखास फसवितात.

'चित्रमयजगत्' पाहा. सात अक्षरांचे लांबलचक नाव. अगदी आरंभी एक वेलांटी शिरोरेघेच्या वर उठते, अगदी शेवटी पाय मोडलेला त् रेघेखाली उतरतो, आणि मधली सारी अक्षरे सपाट. दोन टोकांच्या या उठाव-उताराचा उपयोग करता आला तर नाव पक्ष्यासारखे डौलदार होईल. न आला तर रेल्वेच्या डब्यांची माळ होईल. 'विविधज्ञानविस्तार' यात तीन पहिल्या वेलांट्या आहेत. त्या एकसारख्या कमानींप्रमाणे काढल्या तर देवळाची ओसरी, मागेपुढे वाकविल्या तर गोंधळ. 'किर्लोस्कर' हा तर परीक्षेचाच प्रश्न. वेलांटी, रफार, मात्रा आणि अर्धा स, सारे एका शब्दात. लो वर रफार आणि मात्रा एकाच ठिकाणी टेकतात. तेथे दोघांना जागा करून देणे हे खरे कसब.

त्या काळच्या चित्रकारांनी इंग्रजी मासिकांचेही पुष्कळ अनुकरण केले. अक्षरे झाडाच्या फांद्यांसारखी, फितीच्या घड्यांसारखी, विटांच्या बांधकामासारखी, सावली पाडलेली अशी नाना तऱ्हांनी काढली. त्यांतील काही आम्हांस आवडतात, काही मुळीच आवडत नाहीत. उदाहरणार्थ, लेखाच्या आरंभी पहिले अक्षर खूप मोठे, चौकटीत बसवून काढण्याची इंग्रजी रीत. इंग्रजीत अक्षरे सुटी असतात, म्हणून एक मोठे झाले तरी बिघडत नाही. आपली अक्षरे एका शिरोरेघेला टांगलेली. पहिले अक्षर मोठे केले की रेघ तुटते आणि उरलेला शब्द आईचा हात सुटलेल्या पोरासारखा कडेला उभा राहतो. हे उसने भूषण आपल्या लिपीस शोभत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. काही चित्रकारांनी मात्र शिरोरेघ हेच आपले भूषण केले. तीच तोरण, तीच फांदी, तीच समुद्राची लाट. ही कल्पना इंग्रजीत शक्यच नव्हती.

पुढील पिढीतील दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोमंतकीय चित्रकारांची मुखपृष्ठे तुमच्या आजी-आजोबांच्या आठवणीत असतील. दलालांचे 'दीपावली' १९४५ साली निघाले. मराठी नाटकांची आणि नियतकालिकांची नावे लिहिण्यात अलीकडे कमल शेडगे यांनी नाव मिळविले. ते २०२० साली निवर्तले. नाटकाच्या नावाच्या नुसत्या वळणावरून ते गंभीर की विनोदी हे जाहिरातीत कळत असे. ज्या पालकांच्या घरी माळ्यावर किंवा ट्रंकेत असे जुने अंक असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा शाळेत दाखविण्यास पाठवावेत, अशी आमची विनंती आहे. वाळवी लागलेले असले तरी चालतील.

लेखणीविषयी चार शब्द सांगितल्याखेरीज पाठ पुरा होणार नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' याच विषयास दिला आहे. अक्षरांतील अंतर, ओळींतील अंतर, काना-मात्रा यांची नीट जागा, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे ही अपेक्षा, एवढे सारे सतराव्या शतकात तेथे सांगून ठेविले आहे. साधन होते बोरू. बोरू न मिळाल्यास आपल्या रानातील बांबूची कामटी चालेल. टोक चपटे करून त्याला तिरका छेद द्यावा. हा छेद इंग्रजी कित्त्याच्या लेखणीस देतात त्याच्या उलट बाजूस द्यावयाचा, हे विसरू नये. इंग्रजी छेदाच्या पेनाने मराठी लिहिले की जाड तेथे बारीक आणि बारीक तेथे जाड उतरते. लेखणीचे टोक कागदाशी अर्ध्या काटकोनात धरून हात न वळविता लिहिले म्हणजे उभा काना आणि आडवी शिरोरेघ जवळजवळ सारख्या जाडीच्या येतात, कारण दोघांशी टोकाचा कोन तोच राहतो. बाळबोधीत अक्षरे आधी, शिरोरेघ मागून. मोडीत याच्या उलट. तेथे आधी कागदभर रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरे टांगीत.

आता ती चूक.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही या शाळेत नवे होतो. भित्तिपत्रकाचे नाव लिहिण्याचे काम डोंगराकडील एका पाड्यावरून येणाऱ्या आठवीतील मुलाकडे आले. त्याने ते गेरू आणि चुन्याने लिहिले. शेवटच्या अक्षरावरील दुसरी वेलांटी त्याने साऱ्या शब्दावरून मागे नेली होती, अगदी पहिल्या अक्षरापर्यंत, घाटावरून ढग उतरावा तशी. त्या वेलांटीला जागा मिळावी म्हणून शिरोरेघ मध्ये तोडली होती. आम्ही नुकतेच पदवी घेऊन आलेले. आम्ही लाल खडूने त्या वेलांटीवर फुली मारली, "हे अशुद्ध आहे," एवढेच म्हटले, आणि वर्तमानपत्रातील छापील अक्षरे कापून त्यांचे नाव चिकटविण्यास दुसऱ्या मुलांस सांगितले. तो मुलगा काही बोलला नाही. दहावी होईपर्यंत त्याने पुन्हा कोणतेही चित्र शाळेत आणले नाही. ही गोष्ट आमच्या तेव्हा ध्यानातही आली नाही.

तीन वर्षांपूर्वी मुरबाडच्या बाजारात एका टेम्पोच्या मागे लिहिलेले नाव आम्ही पाहिले आणि थबकलो. तीच वेलांटी! मागे वळलेली, परंतु आता शिरोरेघेला कोठेही न दुखविता. चौकशी करता करता आम्ही त्याच्या दुकानाशी पोहोचलो. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, रंगाचे डबे आणि चार-दोन ब्रश. त्याने लगेच ओळखले, उठून स्टूल पुसून दिले.

"बसा सर. चहा सांगतो."

आम्ही त्या भित्तिपत्रकाची आठवण काढली. आम्हांस वाटले, तो विसरला असेल. तो हसला.

"सर, ती वेलांटी तेव्हा चुकलीच होती. रेघ तोडायला नको होती. पण का चुकली ते कोणी सांगितलं नाही. मला कळायला सात वर्षं गेली."

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्यानेच मग एका जुन्या पत्र्यावर खडूने काढून दाखविले. वेलांटी मागे न्यावयाची तर तिची मूठ काना जेथे शिरोरेघेला मिळतो तेथेच घट्ट असली पाहिजे. मूठ पक्की असली की पुढे ती कितीही लांब जावो, वाचणाऱ्याला ती कोणाची आहे हे कळते. मूठ सैल, तर ती भलत्याच अक्षराची वाटते आणि शब्दच बदलतो. फ्लेक्सच्या छपाईने त्याचे बरेचसे काम गेले आहे. दुकानांच्या पाट्या आता तो फारशा करीत नाही. टेम्पो, शाळांच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, निवडणुकीच्या दिवसांत थोडे. "फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फिका पडतो सर, पण स्वस्त आहे, लोक तरी काय करणार?" असे तो म्हणाला. तक्रारीचा सूर त्यात नव्हता.

यंदा मुखपृष्ठाचा वाद निघाला तेव्हा आम्ही त्यास एका शनिवारी शाळेत बोलाविले. मुलांनी दोन्ही नमुने त्याच्यापुढे ठेवले. त्याने संगणकाच्या प्रतीस नावे ठेवली नाहीत, हे आम्हांस विशेष वाटले. तो म्हणाला, हेही कोणीतरी हातानेच काढले असेल ना? आणि ते खरेच आहे. विंडोज संगणकांवर वर्षानुवर्षे आपण जे 'मंगल' अक्षर पाहिले, त्याची आखणी मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केली. ते २००८ साली गेले. राणूजी आरूंनी पोलादावर जे केले तेच जोशींनी पडद्यावर केले. मुलांचा पक्ष एवढ्याने लगेच हर्षभरित झाला. परंतु त्याने पुढे विचारले, "हे अक्षर मजकुरासाठी काढलेलं. बारीक, वाचायला सोपं. त्याला फुगवून सोनेरी केलं तर ते आपल्या शाळेचं नाव कसं दिसणार?" यावर कोणी बोलले नाही.

मग त्याने त्या विद्यार्थिनीचा कागद हाती घेतला. तिच्या लिहिण्यात दोन दोष त्याने दाखविले. रफार पुढच्या अक्षराच्या वेलांटीस चिकटला होता, आणि शेवटच्या दोन अक्षरांत पांढरी जागा जास्त पडली होती. प्रत्येक दोष दाखविताना तो "का" हे सांगत होता. आम्ही मागे उभे राहून ऐकत होतो. तिने त्याच बैठकीत नाव चार वेळा पुन्हा लिहिले. चौथ्या वेळी तिची शाई संपली, म्हणून शेवटची शिरोरेघ थोडी फिकी आली आहे. ती पुन्हा काळी करावी काय, असे तिने विचारले. त्याने कागद दूर धरून पाहिला आणि नको म्हणाला.

संगणकाची प्रत करणाऱ्या दोघा मुलांकडे आता आतील पानांच्या मथळ्यांचे काम दिले आहे. त्यांनी ल आणि श मराठी वळणाचे असलेले अक्षर शोधून काढले. तुमच्या हातातील अंकाचा मजकूर त्यातच आहे. मुखपृष्ठावरील नाव मात्र चौथ्या कागदावरचे आहे. शिरोरेघ उजवीकडे फिकी दिसेल. छपाईचा दोष समजू नये.